चांगुणाबाईंच्या साथीला

पेणला जाऊन आले म्हटल्यावर मिरजेत प्रत्येकाने एकच विचारलं, "पापड आणलेस का?" आणले. पोह्याचे आणले, मिरगुंडंही आणली, आणि ती वाटून संपलीसुद्धा. पण मी गेले होते व्हायोलिन घेऊन, आणि तिथे जे घडलं ते डब्यात भरून शेजारीपाजारी वाटता येण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मी जन्मभर साथ केली. गायकाच्या बाजूला बसायचं, त्याची तान संपली की मागोमाग तिची सावली उमटवायची, त्याला ठसका लागला की तेवढी जागा भरून काढायची. या कामाची मला कधी खंत वाटली नाही. साठी उलटल्यावर मात्र पुण्यातल्या एका महोत्सवात मला यान भेटला. यान चेक देशातला, सत्तरी ओलांडलेला, उंच आणि जरा पोक आलेला. तो डबल बास वाजवतो, म्हणजे माणसापेक्षा उंच, व्हायोलिनचा पणजोबा शोभेल असं वाद्य. त्याच्याबरोबरचा एक वादक आजारी पडला म्हणून आयोजकांनी ऐनवेळी मला तिथे बसवलं. राग ठरला नव्हता, ताल ठरला नव्हता, काहीच ठरलं नव्हतं. तरी जमलं. नंतर चहा पिताना यान म्हणाला, "आपण दोघंही दुसऱ्याच्या मागे चालणारी माणसं. म्हणून जमलं असेल."

त्या महोत्सवाला रोह्याचे मोकल सर आले होते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आता गावात संगीत मंडळ चालवतात. त्यांनी तेव्हाच रोह्यात मैफल करायचं आमंत्रण दिलं होतं. या माघात यान पुन्हा भारतात आला आणि आम्ही दोघं निघालो.

पेण

सरांचं मूळ घर पेणकडचं, म्हणून आधी तिथे उतरलो. मुंबईच्या एका वाद्यवाल्याकडून यानने बास भाड्याने आणला होता. तो सरांच्या घराच्या दारातून आत जाईना. आडवा केला, तिरका केला, शेवटी सरांनी आपल्या मित्राचा गणपतीचा कारखाना उघडून दिला. तिथे आमची तालीम.

पेणमध्ये गणपती होतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण रंग न लागलेले शेकडो गणपती एका छपराखाली ओळीने बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. पांढरेशुभ्र, डोळे अजून न काढलेले. यान बराच वेळ त्यांच्यातून फिरला. मग बास उभा करून म्हणाला, "इतके शांत श्रोते मला उभ्या आयुष्यात मिळाले नाहीत."

तालीम मात्र शांतपणेच बिघडली. यानने एक खर्ज लावला आणि माझी वाट पाहिली. मी एक छोटी जागा घेतली आणि त्याची वाट पाहिली. त्याने माझी जागा आदराने परत केली. मी त्याच्या आदराचा आदर केला. सगळं सुरात होतं आणि कुठेही जात नव्हतं. पुण्यात समोर बासरीवाला होता, ड्रमवाला होता, त्यांच्या मागे आम्ही धावलो होतो. इथे पुढे कोणीच नव्हतं.

मोकल सर स्टुलावर बसून ऐकत होते. म्हणाले, "मला गाण्यातलं फार कळत नाही. पण दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभे राहणारे पाहुणे मला ओळखता येतात."

यानला मी ते इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी शाळेतलं, त्याचंही तसलंच, त्यामुळे आमचं एकमेकांना नीट समजतं. तो मोठ्याने हसला. मग खाली मान घालून म्हणाला, "हे गृहस्थ बरोबर बोलतायत. रविवारी रोह्याच्या मैफलीतून लोक उठून जातील."

सरांनी जेवताना मार्ग काढला. वालाचं बिरडं होतं, सुका जवळा होता, आणि तांदळाची भाकरी. आमच्या ज्वारीच्या भाकरीला परातीत थाप थाप आवाज लागतो. ही उकडीची भाकरी पाण्याच्या हाताने गुपचूप मोठी होते. मी ते बघत बसले होते तेवढ्यात सर म्हणाले, "माझी एक आत्या आहे. धवलारीण."

धवलारीण म्हणजे काय ते मला तिथेच कळलं. आगरी समाजात लग्न लावताना धवले गातात, आणि ते गाणारी बाई ती धवलारीण. पूर्वी भटजी नसला तरी लग्न लागे, पण धवलारीण नसली तर नाही. सरांच्या आत्याने पन्नासेक वर्षं धरमतरच्या खाडीपट्ट्यातली लग्नं लावली होती.

"त्या गातील आमच्याबरोबर?" मी विचारलं.

"विचारून बघू," सर म्हणाले, आणि घाईघाईने भाकरी वाढायला लागले.

खाडीकाठ

धरमतरच्या खाडीकडे जाताना डोलवीच्या पोलाद कंपनीची धुरांडी दिसत राहतात, आणि त्यांच्या अलीकडे मिठागरं. उन्हात मिठाचे ढीग असे चमकत होते की यानला बर्फच वाटला. "तुमच्याकडे बर्फाची शेती करतात?" त्याने गंभीरपणे विचारलं. बास ज्या 'छोटा हत्ती' टेम्पोत ठेवला होता त्याच्या मागोमाग आम्ही गावात शिरलो, त्यामुळे आधी पोरं जमली आणि मग बायका.

सरांच्या आत्या, चांगुणाबाई, ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. बारीक चण, कपाळाला ठसठशीत कुंकवाच्या जागी गोंदण, नऊवारी गुडघ्यापर्यंत घेतलेली. यानकडे त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"केवरा उंच हाय रं हा! याची बायको हाय का?"

"वारली," मी सांगितलं.

"मंग याला जेवाला कोन घालतं?"

मी विचारलं. यान म्हणाला की स्वतःच करतो, पण वाईट करतो. हे ऐकल्यावर चांगुणाबाईंचा त्याच्याबद्दलचा परकेपणा गेला. त्यांनी मूठभर सोललेले वाल त्याच्या हातावर ठेवले, जणू तो लगेच शिजवायला बसणार होता.

सरांनी विषय काढला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. "धवला लग्नात गातान. लगीन नाय, मांडव नाय, नवरी नाय. मंग मी कोनासाठी गावू?"

"आत्या, लोकांना ऐकायला."

"ऐकाला धवला नसतो रं. लगीन लावाला असतो." पुढची शेंग सोलत त्या म्हणाल्या, "न आता मी लग्नात पन गात नाय. गोमी गेली तवापासून नाय."

गोमी त्यांची जोडीण. धवला एकटीने गात नाहीत. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची, तेवढ्यात पहिलीने दम घेऊन पुढची ओळ आठवायची. दोघींनी पोरवयापासून एकत्र गायलं होतं. गोमीबाई वारल्यावर लोक बोलवायला येत, चांगुणाबाई नाही म्हणत. मग लोकही येईनासे झाले. हळदीला डीजे असतोच.

"एका चाकाची गारी चालते का गो?" त्यांनी मला विचारलं.

माझं सगळं आयुष्य ते दुसरं चाक होण्यात गेलं होतं, आणि पहिलं नसताना काय करायचं हे मलाही काल कारखान्यात कळलं नव्हतं.

आग्रह कोणी केला नाही. चांगुणाबाईंनीच टेम्पोकडे बोट दाखवून, "ते काय आनलंय ते तरी वाजवा," असं फर्मावलं. यानने बास ओट्यासमोर उभा केला आणि गज खालच्या तारेवरून हळूच ओढला. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. चांगुणाबाईंनी शेंग हातात तशीच धरून ते पूर्ण ऐकलं.

"रेडा हाय हा," त्या म्हणाल्या. "पन हंबरतो चांगला."

यानला भाषांतर करून सांगितलं तर तो इतका खूश झाला की मला दोनदा सांगावं लागलं.

दिवस मावळताना सरांच्या भावाच्या वाडीत पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून भांबुर्ड्याचा पाला, मग मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या वासाने शेंगा अशा लागतात की मी हुरडा पार्टीचा आमचा अभिमान तात्पुरता बाजूला ठेवला. चांगुणाबाईही आल्या होत्या. जाता जाता सरांना म्हणाल्या, "रोह्याला माजी लेक हाय. तुमचा टेम्पो जातोच हाय तर मी पन येतंय. गानार नाय. आताच सांगते."

कोलाड

महामार्गाचं काम चालू होतं. खड्ड्यांबद्दल लिहीत नाही, ज्यांनी ते खाल्ले त्यांना ठाऊक आहेत. कोलाडला एका खानावळीपाशी मिसळ खायला थांबलो, आणि यानने सवयीने बास तपासला. तार छेडली तर रेड्याचा आवाज पार बसला होता. डबा वाजवल्यासारखा.

मी व्हायोलिनवाली, त्यामुळे मला लगेच कळलं. अशा वाद्यांच्या पोटात वरची पाठ आणि खालची पाठ यांच्यामध्ये एक लाकडी दांडी नुसती दाबून उभी केलेली असते. ती हादऱ्याने पडली होती. आवाजाचा सगळा जीव तिच्यात.

"काय झालं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"आतलं हाड निसटलंय."

"मंग बसवा."

खानावळवाल्याने दोन टेबलं जोडून दिली. त्यावर चादर घालून बास आडवा निजवला, तारा सैल केल्या. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून एक तार आणून यानने ती वाकवली. बासच्या दोन भोकांपैकी मी एकातून मोबाइलचा उजेड टाकला आणि दुसऱ्या भोकातून तो तारेने ती दांडी उभी करायला लागला. उभी राहायची आणि पडायची. त्याचे हात थरथरत होते. त्याला स्वतःलाच ते आवडत नव्हतं. "दहा वर्षांपूर्वी हे मी बोलता बोलता केलं असतं," तो म्हणाला.

चांगुणाबाईंना शब्द कळले नाहीत, पण त्याचा आवाज कळला. त्या उठल्या आणि त्याच्या कोपराखाली आपला तळवा धरून नुसत्या उभ्या राहिल्या, लेकराला लिहायला शिकवताना धरतात तसा. हात स्थिरावला. थोड्या वेळाने दांडी उभी राहिली आणि राहिली. यानने तारा ताणून गज ओढला. पूर्वीपेक्षा आवाज जरा घोगरा होता, पण होता. मिसळ थंड झाली होती. आम्हा मिरज-कोल्हापूरकडच्या लोकांना कुठलीही मिसळ सौम्यच वाटते, पण ती मी चवीने खाल्ली.

रोहा

मैफल सकाळची, एका शाळेच्या सभागृहात. आदल्या संध्याकाळी आम्ही कुंडलिकेच्या काठावर फिरून आलो, चांगुणाबाई लेकीकडे राहिल्या. सकाळी सभागृहाच्या दारात फलक लागला होता. त्यावर तीन नावं होती. तिसरं चांगुणाबाईंचं.

त्या लेकीबरोबर आल्या आणि फलकासमोर उभ्या राहिल्या. लेकीने वाचून दाखवलं. मोकल सर खांबाआडून पुढे आले. "आत्या, आधीच छापून गेलं होतं..."

"मना न विचारता?"

"व्हय."

चांगुणाबाई फलकाकडे बघत राहिल्या. "मंग बसाला खुर्ची तरी दे स्टेजवर. नाव लावलंस न बाई खाली बसली तर लोक काय बोलतील?"

अशा त्या स्टेजच्या कडेला खुर्चीत बसल्या, हात मांडीवर, पाय जमिनीला न टेकलेले.

आम्ही सुरू केलं आणि कारखान्यातलीच गत झाली. यान माझ्यासाठी थांबे, मी त्याच्यासाठी. लोक सभ्य होते, पण खुर्च्या कुरकुरायला लागल्या. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला की कार्यक्रम पडतो आहे हे आम्हा लोकांना कळतं. मला पंखा ऐकू येत होता. मी एक लांब सूर धरला, कारण तो सोडल्यावर पुढे काय हे माहीत नव्हतं.

आणि त्या सुराच्या पोटातून चांगुणाबाईंचा आवाज आला.

मी दचकून पाहिलं. त्या समोर बघत होत्या, आमच्याकडे नाही. आवाज पातळ, धारदार, नाकातून जरा. काळी दोन म्हणावी तर तिच्या वर, पांढरी तीन म्हणावी तर तिच्या खाली, पेटीवर कुठेच न सापडणारा. त्या बोलावणं करत होत्या. लग्नाच्या आधी देवांना आवतण द्यायचं असतं, तो भाग. आधी गावदेव, मग डोंगरावरचा देव, मग खाडी. ओळ संपली आणि त्या थांबल्या.

थांबल्या म्हणजे सवयीने थांबल्या. तिथे गोमीबाई यायच्या.

त्यांची मान किंचित डावीकडे वळली आणि तिथे कोणी नाही हे बघून परत येऊ लागली. मी विचार केला नाही. बोट सरकवलं, त्यांचा तो मधलाच सूर शोधला आणि ओळ उचलली. जशीच्या तशी. शेवटी सवयीने एक नाजूक मुरकी माझ्या हातून गेली. चांगुणाबाई पुढची ओळ सुरू करेनात. त्या वाट पाहत होत्या. मला कळलं, ओळ अजून त्यांच्याकडे पोचलीच नव्हती. मी ती पुन्हा वाजवली, मुरकीशिवाय. लगेच पुढची ओळ आली.

यान खालून आला, एकच सूर धरून. दर फेरीला चांगुणाबाईंचा आवाज किंचित वर सरकत होता, आणि आम्हा दोघांच्या वाद्यांना पडदे नाहीत हे आमचं नशीब, त्यांच्यामागोमाग आम्हीही सरकत गेलो. मग यानला धीर आला. त्याने गज ठेवून बोटांनी तारा ओढायला सुरुवात केली, चालीला तिरका ठेका देऊन. चांगुणाबाई अडखळल्या. ओळ अर्ध्यात तुटली. त्यांनी रागाने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सरळ चाल रं!" लोक हसले. पण यानने ठेका सोडला नाही, फक्त थोडा हळू केला, आणि भुवया उंचावून त्यांना बोलावत राहिला. त्या ऐकत राहिल्या. त्यांचा पाय हलायला लागला. मग दोन ठोक्यांच्या मधल्या फटीतून त्या आत शिरल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी कुठल्याही मोठ्या गवयाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. नवीन खेळ सापडलेल्या मुलीचं हसू होतं ते.

त्यानंतर कोण पुढे आणि कोण मागे हे मला सांगता येणार नाही. त्यांनी कुंडलिकेला आवतण दिलं. रोह्याच्या लेकीला दिलं. मग थंड मुलखातून आलेल्या बाप्याला आणि त्याच्या हंबरणाऱ्या रेड्याला दिलं, आणि सभागृह टाळ्यांनी भरलं. मग मिरजेहून आलेल्या बायला दिलं. ती ओळ मी उचलू शकले नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, तार दिसेना. तेव्हा ती यानने उचलली, खालच्या तारेवर, घोगऱ्या आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी साथ करत होतं.

संपल्यावर मी विचारलं, "चांगुणाबाई, लगीन नसताना गायलात?"

"आवतान दिलं फकस्त," त्या पदराने घाम टिपत म्हणाल्या. "लगीन कुठं लावलं? न तुमी दोघा असं एकमेकांच्या तोंडाकरं बघत बसलेली. मना बघवना."

पुन्हा खाडीकाठ

त्यांना घरी सोडायला गेलो तर त्यांच्या आळीत मांडव उभा राहत होता. त्यांच्या दिराच्या नातीचं लग्न होतं. नवरीची आई सुरेखा चांगुणाबाईंना आयेच म्हणते; तिच्यापर्यंत रोह्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"आये, रोह्याला गायलीस ना गो? मंग माज्या पोरीला का नाय?"

चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी यानकडे पाहिलं. त्याच्या विमानाला अजून अवकाश होता.

"येते," चांगुणाबाई म्हणाल्या. "पन ही दोघा माज्याबरोबर बसतील."

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही हळदीच्या मांडवात बसलो; हळद नवरा-नवरीची एकत्रच होती. माझ्यासमोर माईक नाही, स्टेज नाही, मध्ये पाटावर नवरी. नवरदेव कंपनीत कामाला, रात्रीची शिफ्ट करून आला होता आणि त्याला झोप आवरत नव्हती, त्यावरून त्याच्या मेहुण्या त्याला छळत होत्या. डीजेवाल्याने खोकी लावून ठेवली होती. सुरेखाने त्याला सांगितलं, "आये थांबल तवा चालू कर." तो मुकाट्याने सावलीत जाऊन बसला.

चांगुणाबाईंनी ओळ टाकली. मी उचलली. दुसरी टाकली, मी उचलली. मांडवातल्या काही बायकांनी पदर तोंडाला लावला होता. किती वर्षांनी त्या हे ऐकत होत्या कोण जाणे.

चौथ्या की पाचव्या ओळीला मी गज टेकवला तर माझ्या आधीच कोणीतरी आलं होतं. सुरेखा. हळदीचं ताट हातात धरून, मान खाली घालून, पुटपुटल्यासारखं. शब्द चुकला. तिच्या शेजारच्या म्हातारीने तो दुरुस्त करत ओळ पुरी केली. पुढच्या ओळीला चौघी-पाचजणी होत्या. त्यांना ते सगळं येत होतं. लहानपणापासून मांडवात बसून ऐकलेलं, कोणी शिकवलेलं नाही, कोणी कधी विचारलेलं नाही.

चांगुणाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुढची ओळ जास्त उंचावर टाकली. बघू तरी, झेपते का म्हणून. झेपली.

यान खालचा सूर धरून होता, तो त्याने सोडला नाही. मी मात्र व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि नवरीला हळद लावायला बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.